बोल्टवरची लाल रेघ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि देवापुढे हात जोडते तेव्हाही हा विषय मी शिताफीनं टाळते — म्हणजे बघा! चार वर्षं झाली. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगायला जी हिंमत लागते ती माझ्यात नाही, हे पुढे कळेलच तुम्हाला.

गाडीपासून सुरू करते. गाडीबद्दल बोलणं मला सोपं जातं.

माझ्या नवऱ्यानं, मंदारनं, एक जर्मन गाडी घेतली. नवी नव्हे हो, तेवढे आम्ही कुठले! दहा वर्षांची, दोन मालकांच्या हातून उतरलेली. पण काळी कुळकुळीत, आत चामड्याच्या सीटा, आणि दार लावलं की असा जाड, तृप्त आवाज. कोथरूडला आमच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरसाठी मारामार आणि खाली पार्किंगमध्ये हा ऐरावत! कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधले लोक बॉनेट उघडायच्या आधीच असा चेहरा पाडायचे, की घरातलं कुणी आयसीयूत आहे असं वाटावं. त्यालाच कंटाळून आम्ही वानखडेदादांकडे गेलो.

वानखडेदादा मूळचे अमरावतीकडचे. अशाच गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरात बारा वर्षं काढून त्यांनी वारज्याला, हायवेच्या कडेला, पत्र्याची शेड टाकून स्वतःचं गॅरेज सुरू केलं होतं. बोलणं कमी, हात स्वच्छ. पुण्यातल्या ह्या गाड्यावाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे; त्यातल्या निम्म्या लोकांच्या गाड्या त्यांच्याकडेच. जाहिरात नाही, पाटीवर धड नाव नाही. ग्रुपवर लोक सांगायचे, 'वानखडेकडे जा', आणि लोक जायचे.

मी एकदा गाडी सोडायला गेले आणि तिथेच रमले. हिंजवडीला एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, त्याचाच पगार. पण तिथली चूक हाताला लागत नाही. इथे लागायची — काळी, तेलकट, हातात धरता येणारी. दर शनिवारी मी उलट्या बादलीवर बसून बघत राहायचे. तिसऱ्या शनिवारी दादांनी पाना माझ्या हातात दिला. म्हणाले, "करून पाहा ताई. पाहून पाहून कोणी शिकत नाई."

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एका बाईला असं कोण म्हणतं हो? घरी काय चाललं होतं ते ऐका. मंदार मला 'पानादेवी' म्हणायचा. सासूबाई म्हणायच्या, "पोळ्या गोल येऊ देत आधी, नटबोल्ट काय, जन्मभर आहेतच." सगळं हसत हसत बरं का, पुणेरी हसत. मीही उलट टोले द्यायचे. पण मनात ठरवलेलं होतं, की एक दिवस ह्यांची तोंडं बंद करीन. त्या सगळ्यात मला खरं मानणारा माणूस एकच होता, वानखडेदादा.

आता रेघ सांगते. रेघेवरच सगळं आहे.

दादा कुठलाही महत्त्वाचा बोल्ट पक्का आवळला की त्यावर लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढायचे. अर्धी बोल्टच्या डोक्यावर, अर्धी खालच्या लोखंडावर. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटणार. "हात विसरते ताई, रेघ नाई विसरत," म्हणायचे. रेघ मारल्याशिवाय ते चाक बसवायचेच नाहीत. त्यांची बाटली सुकली तेव्हा मीच तुळशीबागेतून त्यांना नवी आणून दिली होती. लालभडक. केवढे खूश झाले होते.

तर, त्यांनी आमच्या पुढच्या दोन्ही ब्रेकचे पॅड बदलले. तीन आठवड्यांनी डाव्या चाकातून कुईकुई आवाज यायला लागला. बारीकसा, त्रास काहीच नाही. पण मला वाटलं — हीच वेळ. मंदार आणि सासूबाई त्या रविवारी नाशिकला लग्नाला गेले होते, दुसऱ्यांच्या गाडीतून. मी सकाळी जॅक लावला, चाक काढलं आणि ब्रेक उघडला. ब्रेकचा चिमटा असतो ना, चाकामागची लोखंडी तबकडी पकडणारा, तो दोन बोल्टांवर बसतो. एक वरचा, एक खालचा. दोन्हीवर दादांची लाल रेघ. मी दोन्ही सोडवले. घासलं, पुसलं, ग्रीस लावलं. काय सांगू किती आनंदात होते!

परत बसवताना वरचा बोल्ट आवळला. माझ्याकडे तो लांब टॉर्कचा पाना होता, बोल्ट पुरेसा घट्ट झाला की 'टक्' असा आवाज करणारा. वरचा 'टक्' वाजला. खालचा मी बोटांनी फिरवून बसवला, आणि तेवढ्यात वॉचमन ओरडला, "मॅडम, टँकर आलाय, गाडी काढा पटकन!" टँकरवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला, वरून तीन बायका खाली वाकून बघतायत. मी घाईघाईनं चाक चढवलं, जॅक उतरवला, गाडी मागे घेतली.

खालचा बोल्ट मी आवळला होता का?

सोमवारी संध्याकाळी मंदार ऑफिसातून आला आणि म्हणाला, "आवाज गेला बघ. बसले पॅड आपोआप." माझ्या ओठांवर आलं होतं — आपोआप नाही, मी केलंय! आणि त्याच क्षणी रविवार आठवला. दुसरा 'टक्' मला आठवेना. किती आठवून पाहिलं. टँकरचा हॉर्न आठवला, वॉचमन आठवला. 'टक्' नाही.

तेव्हाच खाली जायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम. पण मंदार विचारणार, आत्ता कुठे? मग सगळं सांगावं लागणार, आणि पानादेवीची महिनाभर वरात निघणार. उद्या सकाळी बघू म्हटलं. मंगळवारी सकाळी कंपनीची बस चुकत होती. बुधवारी — बुधवारी मी स्वतःला पटवून टाकलं होतं, की आवळलाच असणार. हाताला सवय आहे.

गुरुवारी मंदार सासूबाईंना बावधनला मावशींकडे घेऊन निघाला. मी घरूनच काम करत होते. बाल्कनीत कपडे वाळत घालताना मी त्यांना गेटातून बाहेर पडताना पाहिलं. हाक ऐकू गेली असती. 'थांब' एवढंच म्हणायचं होतं. मी टॉवेल झटकला आणि चिमटा लावला.

परत येताना, चांदणी चौकाच्या उतारावर, डाव्या चाकात काहीतरी अडकलं आणि गाडी डावीकडे ओढली जाऊन कठड्यावर आदळली. मंदारला खरचटलं. सासूबाईंचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. मागून ट्रक येत होता, तो वेळेत थांबला म्हणून दोघं वाचले.

तुम्ही म्हणाल, हीच ती गोष्ट. नाही. हे सांगून मोकळी झाले असते तर बरंच होतं. चुकतं माणसाचं. भित्रेपणाही करतं माणूस. पुढचं सांगायला माझी जीभ उचलत नाही.

गाडी ओढून आमच्याच पार्किंगमध्ये आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मंदारचा हॉस्पिटलमधून फोन, भडकलेला. "वानखडेला दहाला बोलावलंय. मी येतो तोवर. त्या आधी तू चाक काढून फोटो काढून ठेव, तुला येतं ना ते." बघा, तेव्हा मला येत होतं.

मी चाक काढलं. खालचा बोल्ट नव्हताच, भोक रिकामं. त्या भोकाशेजारी दादांची अर्धी रेघ, लालभडक. वरच्या बोल्टवर अर्धी रेघ आणि लोखंडावर अर्धी, एकमेकींपासून बोटभर सरकलेल्या. म्हणजे, दादांनी दोन्ही बोल्ट आवळले होते. त्यांच्यानंतर कुणीतरी ते उघडले होते. रेघा सगळं सांगत होत्या, अगदी त्यांनी म्हटलं होतं तसं.

मी किती वेळ उकिडवी बसले होते माहीत नाही. मग वर गेले. ड्रेसिंग टेबलाच्या खणातून नेलपॉलिश काढायची बाटली घेतली, कापूस घेतला. खाली आले. रेघा पुसल्या, सगळ्या. सहज निघाल्या हो, दोन मिनिटं लागली. तिथे लोखंड लख्ख दिसायला लागलं म्हणून चाकातली काळी भुकटी बोटावर घेऊन वर चोळली. एवढं सुचलं मला! मग फोटो काढले, तीन, जवळून. आणि मंदारला पाठवले.

घाबरून केलं असं म्हणू? माझा हात जरासुद्धा कापत नव्हता.

दहाला दादा आले. सासूबाईंचं ऐकून त्यांचा चेहरा पडला होता, पण घाबरलेले नव्हते. मंदार बोलत होता आणि ते "पाहू द्या साहेब, पाहू द्या" म्हणत खाली बसले. टॉर्च लावली. आधी उजव्या चाकात डोकावले, तिथे दोन्ही रेघा ठसठशीत. मग डावीकडे आले. बराच वेळ टॉर्च तिथेच. बोटानं चाचपून पाहिलं. "रेघ नाई," म्हणाले, स्वतःशीच. "असं कसं झालं बापा?"

मंदार म्हणाला, "ते तुम्ही सांगा."

मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "ताई, मंधात तुमी उघडलं होतं काय हे?"

संशय नव्हता हो त्या आवाजात. उघडलं असतं तरी शिष्येचं कौतुकच वाटलं असतं त्यांना. मंदार माझ्याकडे बघत होता. कोपऱ्यात वॉचमन खुर्चीवर बसला होता, त्यानं रविवारी सगळं पाहिलं होतं. पण वॉचमनला कोण विचारतंय?

मी म्हटलं, "नाही."

एवढंच. आणि दादांनी मान हलवली. "ताई म्हणते नाई, म्हंजे नाई. मंग माझंच चुकलं साहेब."

त्यांनी वाद घातला असता तर मी टिकले असते का? माहीत नाही. त्यांनी घातलाच नाही. संध्याकाळी ते हॉस्पिटलमध्ये आले आणि सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी पलीकडे मोसंबं सोलत होते.

मंदारनं ते फोटो ग्रुपवर टाकले. वर एक ओळ — 'वानखडे यांचे ब्रेकचे काम उत्तम. फक्त गाडी थांबेल अशी अपेक्षा ठेवू नये.' लोकांना फार आवडली ती ओळ. इकडून तिकडे फिरली. तीन महिन्यांत दादांच्या शेडमध्ये एकही मोठी गाडी उरली नाही. आता तिथे रिक्षा असतात, स्कूटर असतात, आणि माझी साधी छोटी गाडी असते. हो, मी अजून त्यांच्याकडेच जाते. मंदार म्हणतो, "तुझं मन मोठं आहे." मी ऐकून घेते.

सासूबाईंची मूठ अजून पूर्ण वळत नाही. त्या वानखडेला शिव्या घालतात, मी त्यांना चहाचा कप डाव्या हातात देते. जर्मन गाडी केव्हाच विकली. टॉर्कचा पाना माळ्यावर आहे.

गिऱ्हाइकं गेली हे वाईटच. पण मला झोपू देत नाही ते वेगळंच आहे. दादांना खरंच वाटतं की ते विसरले. माझ्या एका 'नाही'वर त्यांनी स्वतःच्या हातावरचा विश्वास सोडून दिला. पूर्वी एकदा आवळलं की झालं; आता तोच बोल्ट तीन-तीनदा तपासतात, रेघ मारतात, उठतात, परत बसून बघतात. आणि गाडी परत देताना गिऱ्हाइकाच्या हातात टॉर्च देतात. "तुमी पाहून घ्या एकदा. माझ्या नजरेचा भरवसा नाई राह्यला." लोक हसतात, कुणी बघतच नाही. दादा मात्र थांबतात, कुणी बघेपर्यंत किल्ली देत नाहीत.

गेल्या शनिवारी माझ्या गाडीचे ब्रेक केले त्यांनी. टॉर्च पुढे केली. म्हणाले, "तुमी पाह्यलं की मले चिंता नसते ताई. तुमाले समजते."

मी खाली वाकले. चारही चाकांत एक एक करून प्रकाश टाकला. सगळ्या रेघा जागच्या जागी होत्या, लाल, सरळ.

"बरोबर आहे दादा," मी म्हटलं, आणि किल्ली घेतली.