मोठ्या आईची वांगी

तळेगावहून आर्वीला भाजी न्यायला प्रत्येकाकडे गाडी नसते. ज्याची गाडी निघते तिच्यात शेजारपाजारचे आपापले कॅरेट टाकतात, आणि त्यांच्या भरवशावर आणखी कुणीतरी आपलं एखादं. ही रीत जुनी, कुणालाच वावगी वाटत नाही. वाटली ती माझ्या मोठ्या आईला, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोला.

घरची म्हणून सांगत नाही, पण तिची वांगी देखणीच. किडकं एकही कॅरेटात जायचं नाही. तसली घरात आम्ही खाल्ली. बाकीची शेजाऱ्याच्या गाडीतून जायची आणि अडत्याच्या हर्रासाच्या, म्हणजे लिलावाच्या, स्क्रीनवर शेजाऱ्याच्याच नावाखाली दिसायची आणि त्याच नावाने पुकारली जायची. बाजारात त्याचं नाव झालं. याच्या वांग्यांना तोड नाही म्हणायचे व्यापारी, आणि मोठी आई मागे उभी राहून ऐकायची.

"पैसे तो चोख देते," ती मला म्हणाली, "पन नाव? तू दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून राह्यते ना, मंग माह्यं नाव तिथं काऊन नाई येत, एवढं पाहून दे."

मी आर्वीत घरूनच प्रोग्रॅम लिहिते. अडत्या ओळखीचा, त्याने फाइल उघडून दाखवली. बाजाराच्या फाटकावरचा मुनीम प्रत्येक गाडीची नोंद करी, ती एक्सएमएल नावाच्या मांडणीत साठे: गाडीच्या टॅगच्या आत शेतकरी, त्याच्या आत त्याच्यासोबत माल टाकणारा, त्याच्याही आत आणखी कुणी. डब्यात डबा असतो तसं. मोठ्या आईचं नाव होतं तिथे, तिच्या कॅरेटांसकट. पण स्क्रीनचा प्रोग्रॅम ज्या कुणी लिहिला, त्याने फक्त वरचं नाव वाचलं आणि आतला सगळा माल त्याच्या खाती टाकला. माझं डोकंच फिरलं. आत उतरायचा एवढा कंटाळा?

किती थर आत जायचं ते आधी ठरवता येत नव्हतं. मग पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत स्वतःलाच पुन्हा बोलावणारं फंक्शन लिहिलं: माल ज्याचा त्याच्या नावावर टाक, आत आणखी कुणी असेल तर त्याच्यापाशीही हेच कर. चहा निवायच्या आत काम झालं, आणि अडत्याने ते आपल्या कॉम्प्युटरवर चढवूनही घेतलं.

दुसऱ्या दिवशी स्क्रीन नावांनी भरली. अडत्या हबकला. "ताई, एवढे नावं? हर्रास कवा संपन? पहिल्यासारखं करून द्या."

शेजारीही फुगला. "माह्याच गाडीत येते ना सारा माल?"

"गाडी तुमची, वांगे तिचे," मी म्हटलं. "आता हे मागं फिरत नाई." खरं बोलायला मी कुणाच्या बापाला भीत नाही.

बोली सुरू झाली. आधी शेजाऱ्याचा स्वतःचा माल निघाला. एका व्यापाऱ्याने वांगं मोडलं, आतली अळी पाहिली आणि ते परत टाकलं. "आज काय झालं हो तुमच्या मालाले?" मग मोठ्या आईचं नाव पुकारलं गेलं.

"हे कोन?" व्यापाऱ्याने विचारलं.

पदर खोचून ती पुढे आली आणि एक वांगं त्याच्या हातावर ठेवलं.

"मी," ती म्हणाली. "सालभर तुम्ही ज्या वांग्यायले चांगलं म्हनून राह्यले, ते माह्येच होते."