उंबऱ्याशी एक बूट

उंबऱ्याशी आले की अण्णा पायातल्या चपला मागच्या मागे झटकायचे. दोन्ही हातांत स्ट्रेचरचे दांडे, त्यामुळे हे सगळं पायानंच. गळ्याचं बटण गाडीतून उतरतानाच चाचपून झालेलं असायचं. मग आत बघून म्हणायचे, "आलो ओ आम्ही. आता तुम्ही घाबरायचं नाही."

बसवनगुडीत त्या काळी ज्यांच्या घरी अँब्युलन्स आली, त्यांनी हे पाहिलेलं असणार. तुम्हीही पाहिलं असेल, नाव विसरला असाल. मी विसरलेलो नाही, पण सांगणार नाही. त्यांचं नाव घ्यायचा हक्क मी घालवला आहे, आणि तो कसा तेवढंच सांगायला बसलोय.

आम्ही शिंपी. पणजोबांच्याही आधीपासून बेंगळुरात; घरात मराठी, दुकानात कानडी. एका मोठ्या दवाखान्याच्या नोकरांचे खाकी कोट शिवायचं काम वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे होतं. माप मात्र कुणाचं घ्यायचं नाही. लहान, मध्यम, मोठा, अशी तीन मापं वरून यायची. माणसं काय तीन मापांची असतात? पण कागदावर सही करणाऱ्याला तो कोट घालायचा नसतो.

अण्णा बेळगावकडचे. तो मुलूख म्हैसूर राज्यात आला, त्यानंतर तिकडची बरीच माणसं इथे नोकरीला आली, त्यांतले ते एक. त्याच दवाखान्यात स्ट्रेचर उचलायच्या कामाला लागले आणि आठवड्याच्या आत एका काखेत उसवलेला कोट घालून दुकानात हजर. नवा कोट उसवलाच कसा, असं वडिलांनी जरा घुश्शातच विचारलं. वडील बसले होते ते स्टूल अण्णांनी वडिलांसकट उचललं. दुसऱ्या काखेत टर्र झालं. वडील वरूनच म्हणाले, "कळलं. आधी मला खाली ठेवा."

त्या दिवशी मी दोन्ही काखांखाली तळहाताएवढा जादा तुकडा जोडून दिला. नियमात बसत नव्हतं, पण बाहेरून दिसतही नव्हतं. तेव्हापासून अण्णा मला मास्तर म्हणायला लागले.

कोटाची निगा काय राखायचे! तांब्यात निखारे घालून इस्त्री, पितळी बटणांना चिंच. जोडीदाराचा गळा उघडा दिसला की त्याची खरडपट्टी काढायचे. "माणूस मरायला टेकलाय आणि तुझी छाती बघू दे काय त्याला? बटण लाव." त्यांचं म्हणणं सरळ होतं. लोक आपली आई, आपला नवरा अर्ध्या मिनिटात परक्याच्या हाती देतात. तेवढ्यात त्यांनी आपलं काय बघायचं? कपडेच ना?

आणि चपलांचंही तेच. नियमात काळे बूट होते, पण आमच्याकडच्या घरांत देवघरावरून कोण बूट घालून जातो? घरातली म्हातारी किंचाळते आणि तिच्या किंचाळण्यानं रोगी हबकतो. म्हणून अण्णांनी मागचा पट्टा कापलेल्या चपला ठेवल्या होत्या. एक झटका, की पाय मोकळे.

मग एक नवा साहेब आला. त्याचं नाव मला पाठ आहे, पण त्यानं माझं तोंड कशाला विटाळू? त्यानं सगळ्यांना ओळीत उभं केलं, अण्णांच्या कोटाकडे, बटणांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि पाय पाहून विचारलं की हा दवाखाना आहे की भाजीबाजार. अण्णांनी उंबऱ्याचं, देवघराचं सगळं समजावून सांगितलं. साहेब म्हणाला, युनिफॉर्म म्हणजे युनिफॉर्म. पुन्हा चपला दिसल्या तर गाडीवरून खाली. त्या शहाण्यानं जन्मात एकदा तरी कुणाला जिन्यावरून उतरवून आणलं होतं का? खुर्चीतून उठायलाही त्याला शिपाई लागायचा.

गाडीवरून काढलं तर अण्णांचं काय उरणार, हे अण्णांना ठाऊक होतं. त्यांनी बूट घातले. आठ भोकांचे, लांब नाड्यांचे. आणि अण्णाच ते, नाड्या लोंबायला नकोत म्हणून दुहेरी गाठ मारायचे.

महिना झाला नसेल. दुकानामागच्या गल्लीत माझे काका राहायचे. दुपारी पूजा आटोपून पाटावरून उठले आणि छाती धरून खाली बसले. मी औषधाच्या दुकानातून फोन केला आणि येऊन दारात उभा राहिलो. गाडी लवकर आली. पुढे अण्णा, मागे जोडीदार. अण्णांचा पाय सवयीनं मागे झटकला गेला, पण बूट कसला निघतोय! ते क्षणभर थबकले. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, बूट."

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला तेव्हा लकवा का नाही झाला?

अण्णांनी स्ट्रेचर खाली ठेवलं आणि वाकले. गाठ सुटेना. आतून काकू ओरडत होती, "बुटांसकट या हो, आधी आत या!" जिचं देवघर, ती हे म्हणत होती. आणि मी, शिकलासवरलेला पुतण्या, दार अडवून उभा होतो. एक बूट निघाला. दुसरा तसाच ठेवून, एका अनवाणी पायानं अण्णा आत धावले. काका वाटेतच गेले.

डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय पार थकलं होतं, दोन मिनिटांनी काही फरक पडला नसता. पडला नसता, की आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाले? मी पुन्हा विचारलं नाही.

जोडीदारानं बूट काढताना दारात उशीर झाला, एवढंच लिहून दिलं होतं, म्हणून चौकशी झाली. घरचा माणूस म्हणून मलाही बोलावलं. साहेबानं अण्णांना विचारलं, बूट काढायला कुणी सांगितलं? अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गळ्याचं बटण चाचपलं आणि म्हणाले, "कुणी नाही साहेब. माझी सवय."

मग मला विचारलं. समोर तोच साहेब, ज्याच्या सहीनं आमच्या दुकानाला कोटांचं काम मिळायचं. मी म्हणालो, "गडबड होती. मला आठवत नाही."

अण्णांना धुलाईच्या खात्यात टाकलं, कोट जमा करायला सांगितला. तुम्ही म्हणाल साहेब नालायक. होताच. पण खोटं त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दुकानात आले. पायांत त्याच जुन्या चपला, त्या पायरीवरच झटकल्या. कोट काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले की दिला तसा परत द्यायचा आहे, काखेतले तुकडे तेवढे काढून द्या. मी कात्री हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. म्हणालो, "अण्णा, मी तिथं खरं सांगायला पाहिजे होतं."

"आणि मग दुकानाचं काय करूया, मास्तर?" ते म्हणाले. "उसवा की. वेळ होतोय."

त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. त्यांचा राग येतो तो एवढ्याचसाठी. मी टाके उसवले. एकेक टाका मीच घातलेला होता. तुकडे त्यांनी माझ्याकडे सरकवले आणि पुढे जो कुणी येईल त्याच्या कोटाला लावा म्हणाले, त्याचेही हात वर जायला हवेत.

अण्णा धुलाईत फार दिवस टिकले नाहीत. मुलखाकडे परत गेले असं कुणीतरी सांगितलं. मी मात्र त्या साहेबाच्या सहीनं पुढेही कोट शिवत राहिलो, तीन मापांत. त्या तुकड्यांचं त्यांनी सांगितलं होतं तेही केलं नाही. कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होतो?

त्या सकाळी कोट घडी करून काखेत मारून ते पायरी उतरले, चपलांत पाय सरकवले आणि बाजाराच्या रस्त्यानं चालायला लागले. अंगात साधा सदरा होता. गळ्याचं बटण उघडं होतं, आणि ते लावायला त्यांचा हात वर गेला नाही.