रुचाची वही घेऊन त्र्यंबकला

हसायचं तर खुशाल हसा, पण आधीच सांगते, चूक सगळी माझी. आणि साधी घरातल्या घरात केली असती तर निभावलं असतं. मी ती गाडीत घालून त्र्यंबकपर्यंत नेली!

माझी लेक रुचा, वय पंधरा. पूर्वी शाळेतून आली की चपला काढायच्या आधीच बडबड सुरू. आणि गेले दोन महिने? 'हो', 'नको' आणि 'आई प्लीज'. खोलीचं दार कायम बंद. फार लागायचं हो मनाला.

एक दिवस चादर झटकताना उशीखाली वही सापडली. दुसऱ्याची वही वाचू नये, कळतं मला. वाचली.

'रविवारी आपल्या घराची पाळी. एक बाटली रक्त द्यावंच लागेल. धाकट्यांना नको, मी जाते. कोणाला सांगायचं नाही.'

मी चादर हातात घेऊन तशीच पलंगावर बसले! मग एकेक आठवायला लागलं. लसणाची चटणी आठवडाभर डब्यातून परत येत होती. उन्हात जा म्हटलं की नको. आणि बोटाला पट्टी! (ती बॅडमिंटनची होती, पण तेव्हा कोण विचारतंय?)

सिन्नरला भावाला फोन लावला.

"ताई, लसूण नको म्हणती? मग लय अवघड हाय. ते रक्त पिणारे असतात ना पिक्चरमधी, त्यांना लसूण चालत नाय."

"डॉक्टरांना दाखवू?"

"डॉक्टर काय करील? त्र्यंबक एवढं जवळ हाय. गुरुजींना इचार, शांती करून टाक. मी गाडी घेऊन येतो."

दुसऱ्या गावची बाई आधी मुलीशी बोलली असती. पण आम्ही नाशिकचे! त्र्यंबक हाताशी असताना बोलायचे कष्ट कोण घेतो?

शनिवारी सकाळी 'देवाला जाऊन येऊ' म्हणून रुचाला गाडीत बसवलं. त्र्यंबकला गुरुजींनी शांतीसाठी तिची पत्रिका मागितली. मी पिशवीतून वही काढून पुढे ठेवली.

"आई! तू माझी वही आणलीस?" रुचा पांढरीफटक.

"तू गप्प बस. गुरुजी, बघा काय लिहिते ही."

गुरुजींनी चष्मा लावला. एक पान वाचलं. दुसरं. तिसरं. मी आपली हात जोडून बसलेली.

"फार वाईट आहे का हो?"

"थांबा जरा." पान उलटून ते रुचाकडे वळले. "बाळ, नाशिक या व्हॅम्पायरांनी घेतलं, ते समजलं. त्र्यंबक कोणाकडे आहे?"

"अजून आपल्याकडेच."

"हां. मग हरकत नाही."

कादंबरी! पोरगी कादंबरी लिहीत होती! तिच्या वर्गात म्हणे सगळ्या असलीच इंग्रजी पुस्तकं वाचतात. जग बुडालेलं, राज्य व्हॅम्पायरांचं आणि लढायला उरलेली फक्त पोरं.

"शांतीबिंती काही नको," गुरुजी म्हणाले. "दर्शन घ्या, आणि वही तिची तिला द्या."

परत येताना रुचा खिडकीबाहेर बघत बसलेली. आता ही जन्मात माझ्याशी बोलणार नाही, असंच वाटलं मला.

"चुकलं गं माझं," मी म्हटलं. "काय आवडतं एवढं त्या पुस्तकांत?"

खिडकीबाहेर बघतच ती म्हणाली, "त्यात सगळे मोठे म्हणतात, हे तुमच्या भल्यासाठीच चाललंय. पोरांचं कोणी ऐकतच नाही. मग शेवटी पोरंच काहीतरी करतात."

आणि वही माझ्या मांडीवर ठेवली. "वाच. आता विचारलंस म्हणून."

वाचली. खरं सांगते, रंगून गेले! त्यात व्हॅम्पायरांची एक म्होरकी आहे. टकटक न करता दार उघडते, दप्तरं उचकते, डब्यात काय उरलंय ते झाकण न काढता ओळखते. असा संताप आला मला!

"कोण गं ही भवानी? हिला भर दुपारी उन्हात उभी करा!"

भाऊ उगाचच खोकायला लागला. रुचानं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. हसून हसून तिचं अंग हलत होतं.

"आई, ती तूच आहेस."

हल्ली ती रोज संध्याकाळी मला नवीन पानं वाचून दाखवते. मी काही बदल सुचवत नाही. फक्त एकदा हात जोडून म्हटलं, बाई गं, मला हवं तेवढं रक्त पिऊ दे, शेवटी उन्हात जाळ, माझी तक्रार नाही. पण ती म्होरकी फुलाफुलांच्या गाऊनवर ओढणी घेऊन राज्य करते ना, तेवढं बदल. एखादी बरी साडी नेसव!