कॉम्प्युटरवरचा फोन आणि कांबळे आबांचं ‘ओव्हर’

ऑफिसातले किस्से मी कधी जमवायला गेले नाही. सरकारी कचेरीत बंद पडलेले पंखे साठतात ना, तसे ते साठत गेले. चालतही नाहीत, फेकताही येत नाहीत!

खात्याचं नाव विचारू नका. काम कालव्याच्या पाण्याचं. मुख्य कचेरी साताऱ्याला, शाखा फलटण, लोणंद, खंडाळा आणि सांगलीला. मी साताऱ्याची टेलिफोन ऑपरेटर. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. इंटरनेट नुकतंच आलेलं आणि आमच्या नव्या साहेबांच्या डोक्यात बसलं, की शाखांशी बोलायचं ते आता इंटरनेटवरूनच! प्रत्येक शाखेला एक कॉम्प्युटर, एक माइक, एक हेडफोन.

“ताई, आता तुम्हाला आराम,” साहेब म्हणाले. मेला कसला आराम!

*

पहिला फोन लोणंदला. कोणी उचलेना, कारण तिकडचा कॉम्प्युटरच बंद. मग मी साध्या फोनवरून कळवलं, “कॉम्प्युटर लावा, साहेबांचा फोन येतोय.” त्यांनी साधा फोन ठेवला, त्याची वायर काढून कॉम्प्युटरला जोडली. तोवर आमच्याकडची वीज गेली.

दुपारी एकदाचं जुळलं. साहेब खुशीत ओरडले, “बोला लोणंद, कसं वाटतंय?”

तिकडून आवाज आला, “साहेब, काही ऐकू येत नाही. फोन करा ना!”

*

खंडाळ्यात खंडेनवमीला जीप, टाइपरायटर आणि कॉम्प्युटर, सगळ्यांची पूजा झाली. माइकला छिद्रं असतात हे कोण बघतंय? हळदकुंकू लावलं, वर फुलानं पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवसापासून खंडाळ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा.

साहेब तापले, “अहो, माइकची कसली पूजा करता?”

हेडक्लार्क म्हणाले, “आवं सायब, चालत न्हवता म्हनूनच केली!”

*

सगळ्यात मोठा छळ म्हणजे बोललेलं उशिरा पोचायचं. दोघं एकदम बोलायचे, मग दोघं एकदम गप्प. साहेबांनी सांगलीला विचारलं, “जेवलात का?” उत्तर येईना, म्हणून पुढचं विचारलं, “पाणी सोडलं का?”

तेवढ्यात उत्तर आलं, “हो साहेब, मघाशीच!”

साहेबांनी पाणी सुटल्याचं जाहीर केलं. शेतकरी कोरड्या कालव्यावर उभे. त्यांच्या शिव्या मात्र साध्या फोनवर आल्या, अगदी ताबडतोब आणि अगदी स्वच्छ. ऐकल्या कोणी? मी!

*

यावर तोडगा काढला फलटणच्या कांबळे आबांनी. सारी नोकरी फौजेत वायरलेसवर गेलेली, पेन्शनीनंतर आमच्याकडं चौकीदारी आणि फोन सांभाळायचे.

“सोप्पं हाय, ताई. आपलं बोलून झालं की ‘ओव्हर’ म्हनायचं, मंग दुसऱ्यानं बोलायचं. समदं संपलं की ‘आउट’. आन् आउट ऐकल्याबिगर लाइन सोडायची न्हाई. फौजेत लय शिव्या खाल्ल्यात त्यापायी!”

बघता बघता सगळं खातं ‘ओव्हर’ म्हणायला लागलं. साहेब एकदा जेवताना घरी म्हणाले, “भाजीत मीठ कमी आहे, ओव्हर.”

बाईसाहेब ताट उचलत म्हणाल्या, “आउट!”

*

माझं हसणं मात्र पुढच्या उन्हाळ्यात संपलं. आबांचा मुलगा संदीप फौजेत, सीमेवर. घरी फोन नाही, त्यामुळं त्याचा फोन फलटणच्या ऑफिसात यायचा. आता ती एकुलती लाइन दिवसभर कॉम्प्युटरला जोडलेली. बाहेरून कोणीही फोन केला की एंगेज. आणि सीमेवर गोळीबार सुरू झालेला.

आबांनी साहेबांना विनवलं, “सायब, दुपारी तेवढी लाइन मोकळी ठिवा. पोरगं एंगेज ऐकून माघारी जात आसंल. ओव्हर.”

“एका माणसासाठी सिस्टीम बंद ठेवता येत नाही, कांबळे. आउट.”

मला त्या माणसाचा असा संताप आला! पण मी कोण? ऑपरेटर. आबांनी बिचाऱ्यांनी मुलाला पत्रानं साताऱ्याचा नंबर कळवला आणि मला रोज विचारायला लागले, “ताई, आला का वं?” रोज नाही म्हणताना माझा जीव तुटायचा.

*

आणि एका दुपारी आला.

“ताई, मी कांबळ्यांचा संदीप. आबास्नी द्या, लई येळ न्हाई.”

बाहेरचा फोन कॉम्प्युटरवर जोडून द्यायची सोयच नव्हती. मी आबांना कॉम्प्युटरवर बोलावलं आणि साधा रिसीव्हर उलटा धरला. त्याची ऐकायची बाजू माइकला, बोलायची बाजू हेडफोनला. टेबलावर वाकून दोन्ही हातांनी धरून ठेवला. साहेब दारात येऊन उभे राहिले.

“आबा, मी बरा हाय. उद्या वर चढायचंय आमाला. आयला सांगू नका. ओव्हर.”

फौजीच तो, त्याला शिकवावं लागलं नाही. थोड्या वेळानं फलटणहून आबांचा आवाज आला.

“न्हाई सांगत. डोकं खाली ठिव, बाळा. येळंवर जेवतूस न्हवं? ओव्हर.”

रिसीव्हरमध्ये खरखर झाली आणि संदीपची लाइन गेली. बापाचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं का, मला आजही माहीत नाही.

“आबा, त्याचा फोन कट झाला हो,” मी माइकमध्ये म्हटलं. “ठेवा आता.”

उत्तर यायला नेहमीसारखाच उशीर लागला.

“ठिवू कसा, ताई? त्यो आउट कुटं म्हनलाय अजून?”