जागा उरली तर

मुक्काममास्तरांचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं. बाकी विमानतळभर, झाडूवालीपासून मोठ्या साहेबांपर्यंत, ते मुक्काममास्तरच. देशाच्या सरकारी विमान कंपनीची एक योजना होती. एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणाऱ्या माणसाने वाटेत इथे उतरावं, एक-दोन दिवस राहावं, शहर बघावं आणि त्याच तिकिटावर पुढे जावं. अशा उतरणाऱ्यांना हॉटेलची चिठ्ठी आणि शहराचा नकाशा देण्याचं टेबल सव्वीस वर्षं मास्तरांकडे होतं. नकाशावर ते लाल पेनने पाच गोल काढायचे. त्यातल्या तीन ठिकाणी ते स्वतः कधी गेले नव्हते. पण वर्णन असं करायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ तिथेच रांगायला शिकला.

नोकरीने त्यांना दोन गोष्टी दिल्या होत्या: पाठदुखी आणि घरच्यांसाठी फुकट विमानप्रवास. या फुकटाला एक शेपूट होतं. तिकीट काढलेले सगळे बसले, आणि त्यानंतर जागा उरली, तर बसायचं. नाही तर घरी. शिवाय कपडे कडक इस्त्रीचे हवेत, पुरुषाच्या गळ्यात टाय हवा. कंपनीच्या अब्रूचा प्रश्न. त्यामुळे मास्तरांचं कुटुंब सुट्टीला निघायचं ते लग्नाला निघाल्यासारखं, आणि निम्म्या वेळा दुपारी त्याच थाटात परत यायचं. शेजारीण गॅलरीतून विचारायची, "झाली का सहल?" मास्तरीणबाई जमिनीवर चादर अंथरायच्या, प्रवासाचे डबे उघडायच्या आणि बापलेकांना टायसकट जेवायला बसवायच्या.

"एकदा तरी तिकीट काढून जाऊ या हो," त्या म्हणायच्या. "त्याच्यावर आपल्या जागेचा नंबर छापलेला असतो म्हणे."

मास्तर हसण्यावारी न्यायचे. घरात गाय असताना दूध विकत आणायचं का?

मुलगा शिकला, लांबच्या खंडात नोकरीला लागला. तोही यायचा-जायचा बापाच्या फुकटावरच. कधी पहिल्याच विमानात जागा मिळे, कधी दोन दिवस टाय लावून तिथल्या बाकावर बसावं लागे. त्याचं कोणाला फारसं काही वाटत नसे. घाई कुणाला होती?

मग मास्तरीणबाईंनी अंथरूण धरलं. एका सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना वॉर्डाबाहेर जिन्यापाशी बोलावलं आणि मुलाला लगेच बोलावून घ्या म्हणाल्या. आठवडा मिळेल, कदाचित तेवढाही नाही.

मास्तर तडक ऑफिसात गेले. मुलाकडून निघणारं मंगळवारचं विमान संगणकावर उघडलं. एकतीस जागा रिकाम्या. तिकीटखिडकीवरची मुलगी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. ती हळूच म्हणाली, "काका, या वेळी पक्कं तिकीट काढा ना."

"सव्वीस वर्षं हे आकडे बघतोय मी," मास्तर म्हणाले. "एकतीस म्हणजे पाय पसरून येईल पोरगा."

मास्तरांचं गणित एरवी चुकलं नसतं. पण त्याच दुपारी कंपनीने नवी सवलत जाहीर केली: आठवडाभर, वाटेत उतरणाऱ्याला दोन रात्री हॉटेल मोफत. आणि ही कल्पना होती खुद्द मास्तरांची. सहा महिने साहेबांच्या मागे हात धुऊन लागून त्यांनी ती मंजूर करून घेतली होती. तारीख त्यांच्याच अक्षरात टेबलाच्या काचेखाली होती. त्या सकाळी त्यांना काचेखालचं काही दिसलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी मुलाचा फोन आला. विमान गच्च भरलं होतं. उद्या परत बसून बघतो, म्हणाला. मास्तर वॉर्डात परतले तर मास्तरीणबाई जाग्याच होत्या. "कुठपर्यंत आला?" त्यांनी विचारलं.

"निघालाय," मास्तर म्हणाले.

बुधवारी सकाळी त्यांनीच नवऱ्याला कामावर पिटाळलं. पोरगा तिथेच उतरणार, घेऊनच या म्हणाल्या. मास्तर टेबलामागे उभे राहिले. मुलाला मागे सोडून आलेलं विमान उतरलं आणि टेबलासमोर रांग लागली. इतकी लांब रांग सव्वीस वर्षांत लागली नव्हती. साहेब येऊन पाठ थोपटून गेले. एक म्हातारं जोडपं फार खुशीत होतं. इकडे यायचं त्यांच्या मनातही नव्हतं, परवा सवलत वाचली आणि लगोलग दोन जागा धरल्या. मास्तरांनी त्यांच्या नकाशावर पाच गोल काढले. पाचवा जरा वाकडा आला.

रांग संपल्यावर ते खिडकीवर गेले. म्हणाले, पक्कं तिकीट दे. मुलीने सगळी विमानं उलटीपालटी केली. शनिवारपर्यंत एकही जागा नव्हती. दुसऱ्या कंपन्यांची विमानं दोन ठिकाणी बदलून रविवारी पोचवत होती.

त्या संध्याकाळी मास्तर पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले आणि बायकोला खरं काय ते सांगितलं. पोरगा अजून तिथेच आहे. तिकीट काढलं नाही. जागा भरल्या.

त्यांनी नजर छताकडे वळवली. मग म्हणाल्या, "तुमच्या त्या सवलतीनं भरल्या?"

"हो."

"म्हणजे चालली म्हणायची."

मास्तरांना मान वर करता आली नाही. मास्तरीणबाईंनीच पुढे विचारलं, "टाय लावूनच बसला असेल ना बाकावर?"

गुरुवारी दुपारी त्या गेल्या. त्याच संध्याकाळी तिथे कुणी एक प्रवासी वेळेवर पोचला नाही आणि मुलाला जागा मिळाली. शुक्रवारी तो दारात उभा राहिला तेव्हा टाय दोरीसारखा पिळला होता. भेटायला आलेल्या एकीने दुसरीच्या कानात सांगितलंच, आईला पोचवायला असा नटून कोण येतं.

दहा-बारा दिवसांनी त्याच्या परतीची गोष्ट निघाली. तो म्हणाला, "आता काय घाई आहे बाबा? जागा उरेल तेव्हा जाईन."

मास्तर दुसऱ्या दिवशी खिडकीवर जाऊन इतर माणसांसारखे रांगेत उभे राहिले आणि तिकीट विकत घेतलं. घरी येऊन त्यांनी चष्मा लावला आणि छापलेला जागेचा नंबर दोनदा वाचला.

मुलगा टाय न लावता गेला. सवलतीचा आठवडा केव्हाच संपला होता. त्या दिवशीचं विमान चौसष्ट रिकाम्या जागा घेऊन उडालं.