पाचावर अडून बसलेला पूल

मावशीची रोजनिशी. मंगळवार, १२ मार्च. सकाळपासून ऊन कडक. मोरीच्या नळाचा वॉशर बदलला. भाची न खाताच ऑफिसला गेली. आज तिची मीटिंग. तोंड एवढंसं झालं होतं.

होणारच. हायवेचे पूल किती वर्षांत किती खचतील, याचा अंदाज बांधणं हे भाचीचं काम. तपासनीस दर दोन वर्षांनी पुलांना नवापैकी गुण देतात. ते जुने गुण संगणकात घालून तिने उताराची रेषा काढली. पूल नवावरून आठावर, आठावरून सातावर असे शहाण्यासारखे म्हातारे होत होते. पाचावर आले की मात्र ठाण मांडून बसत. नदीवरचा जुना पूल या हिशेबाने आणखी नव्वद वर्षं जगणार होता, म्हणून यंदाच्या दुरुस्तीतून त्याचं नाव गळणार होतं. आणि भाची रोज नदीकाठच्या रस्त्याने त्याच्याखालून जाताना वरून काँक्रीटचे खडे पडत.

"मावशी, पाचाला पोचलेला पूल मरतच नाही गं," ती रविवारी जेवताना म्हणाली.

"मग तुझ्या काकांना कोणी पाच का नाही दिले? आज असते की," मावशीने विचारलं.

खरी गोष्ट अशी, की चार गुण दिले तर तपासनीसाला दर सहा महिन्यांनी पुन्हा शिडीवरून पुलाच्या पोटाशी जावं लागे. म्हणून कोणी चार देतच नसे. हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं, फक्त संगणकाला नव्हतं. त्यात नदीवरच्या पुलाचे पहिले पाच आजच्या मोठ्या साहेबांनीच तपासनीस असताना दिलेले.

"साहेब, हे गुण पुलाचे नाहीत, आपल्या आळसाचे आहेत," मीटिंगमध्ये भाची एकदाची बोलली.

"ते पाच मी दिलेत."

"माहितीये. पण खाली उतरला होतात का?"

कोणीतरी उगाच खोकलं. साहेब ग्लासभर पाणी प्यायले.

"वटवाघळं होती हो," ते हळूच म्हणाले.

सगळे हसले, आणि मग साहेबांना माघार घेता येईना. दुपारी ते स्वतः शिडीने खाली उतरले. तुळईचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटलं होतं, सळई नखाने टोकरली तरी भुगा पडत होता. वर आले तेव्हा वटवाघळांनी त्यांच्या शर्टावर आपला शेरा मारलेला होता.

"तीन," ते म्हणाले. "तीनच लिहा. आणि तुम्ही ती रेषा परत काढा, बाई."

पूल दुरुस्तीत पहिला लागला. जड गाड्या त्याच संध्याकाळी बंद झाल्या. भाचीने घरी येऊन दोन वेळचं एकदम जेवून घेतलं.

मावशीने रोजनिशीत लिहिलं: दुधाची गाडी उद्यापासून वळसा घालून येणार. सकाळच्या चहापुरतं दूध आजच बाजूला काढून ठेवलं.