फुग्यांत अक्षरं लिहिणारे भाऊजी

भाऊजी, म्हणजे माझ्या यजमानांचे थोरले भाऊ, मला स्वयंपाकघराच्या दारात उभं करून मोठ्याने वाचायला लावत. लग्न होऊन आले त्याच महिन्यात हे सुरू झालं. मी चवथीपर्यंत शिकलेली, त्यातून लाजाळू. थोरल्या दिरासमोर मी तोंडही उघडत नसे.

आमचं घर मराठी, पण शहर हिंदी मुलखातलं; तिथल्या तुकोगंजातल्या एका कचेरीत ते कारकून होते. घरी आले की कॉमिक्सच्या पानांवर, माणसांच्या तोंडून निघणाऱ्या पांढऱ्या फुग्यांत, टाकाने हिंदी संवाद लिहीत. चित्रांची पानं दिल्लीहून टपालाने यायची. डाकू, जंगलं, बुडणारी जहाजं. शाई वाळली की पान माझ्यासमोर धरत. मी जिथे अडखळे, त्या फुग्याला पांढरा रंग लावून पुन्हा लिहीत. "सुमन अटकली म्हणजे आधा हिंदुस्तान अटकणार," म्हणत.

एकदा डाकूची धमकी मी हळूच वाचली. भाऊजी म्हणाले, "अगं, डाकू आहे तो, सत्यनारायणाला नाही बसलेला. अक्षर बघ केवढं काढलंय." मी ओरडले. सासूबाई देवघरातून धावत आल्या. भाऊजींनी ते पान तसंच पाठवलं. त्या घरात मी आवाज चढवला तो फक्त डाकूंच्या वतीने.

चित्रकाराचं नाव छापलं जाई, भाऊजींचं कधीच नाही. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "वाचणाऱ्याला गोष्ट दिसली पाहिजे. अक्षर दिसलं तर माझी गलती." तेव्हा मला तो मोठेपणा वाटला. आता वाटतं, त्यांना विसरायचं काम त्यांनीच लोकांना सोपं करून ठेवलं.

मागच्या दिवाळीत माझ्या मुलीने, वंदनाने, तीच जुनी कॉमिक्स नव्याने छापलेली आणली. जाड पुठ्ठ्याचं, चकचकीत पुस्तक. शेजारचे दुबेजीही बघायला आले. भाऊजींनी हात धुतले, चष्मा पुसला आणि पहिलं पान उघडलं. चित्रं तीच, फुगे तेच. आत कॉम्प्युटरची अक्षरं; ओरडणं आणि कुजबुजणं एकाच उंचीचं. त्यांनी शेवटपर्यंत पानं उलटली. वंदना म्हणाली, किती साफ आलंय ना काका. दुबेजी भाऊजींना म्हणाले, "भिया, अब तो मशीन सब कर देती है."

भाऊजींनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "वाच."

मी बारा पानं वाचली. आवाज चढवायचा तिथे चढवला. कुठेच थांबले नाही.

"अटकलीस?"

"नाही."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "अक्षरं बरी आहेत. आमची होती तेव्हा तू दर पानाला अटकायचीस."

मी ती अक्षरं वाचली नव्हती. त्या गोष्टी मला पाठ आहेत, भाऊजींच्या हातच्या अक्षरांत, कुठला काना किती लांब होता इथपर्यंत. तेच डोळ्यांसमोर आणून म्हणत गेले. छापलेल्या पानाकडे माझं लक्षच नव्हतं. हे तिथेच सांगायला हवं होतं. पण दुबेजी समोर बसले होते, वंदना फोटो काढत होती, आणि मी पुस्तक मिटून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी टाक आणि शाईच्या बाटल्या रद्दीवाल्याला देऊन टाकल्या. होळीच्या आधी ते गेले. मधले चार महिने मी रोज दोन वेळा त्यांच्या खोलीत चहा घेऊन जात होते. ते एकटेच असत. मी कप ठेवायचे आणि परत यायचे.